सरनोबतांच्या चारुतेने ओढा जिंकिला त्याची हकीगत

श्री. ज्याने पाण्यास उतार दिला आणि माणसास शेजार दिला त्यास वंदन करून हकीगत लिहिली ऐशीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एक राज्य होते. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वर पत्र्याचे छप्पर, पुढे मैदान, मागे ओढा, आणि त्यात नववी ब म्हणून एक परगणा. तेथील विज्ञानाचा कारभार देशिंगकरबाईसाहेब पाहत. बाईसाहेब करड्या, परंतु मनाच्या न्यायी, आणि त्यांची सारी भक्ती नीटनेटकेपणावर. वहीस खाकी कव्हर, समास आखलेला, अक्षर गोल, ऐसे ज्याचे असेल त्यावर मेहेरबानी होत असे. आणि शाईचा डाग दिसला की तो माणूस मनातून उतरलाच, मग उत्तर बरोबर का असेना. हा शिरस्ता परगण्यात लहानथोर सर्वांस ठाऊक होता. त्या परगण्यात चारुता सरनोबत ही मोठी मानकरी, नीटनेटकेपणात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिची जोडीदारीण सुमेधा गुरव. पाचवीपासून दोघींचा बेंच एक, डबा एक, रुसवेही एकमेकींशीच, आणि चारुतेच्या मनी ऐसे पक्के बसले होते की सुमेधा ही आपली जहागीर आहे आणि तिची सनद आपल्याच नावे आहे. सुमेधेस हे कोणी विचारिले नव्हते.

ऐसे सुखाने चालले असता दिवाळीनंतर वडिलांच्या बदलीमुळे केतकी हेबाळकर म्हणून एक मुलगी राज्यात दाखल जाहली. ती मोठ्याने हसे, केस कसेही बांधी, आणि गोगलगाय दिसली की उचलून हातावर घेई. मग एके दिवशी बाईसाहेबांनी हुकूम सोडिला, "पर्यावरणाचा प्रकल्प आहे. दोघादोघींनी मिळून मागच्या ओढ्याचं पाणी आणायचं, ते किती खराब आहे आणि कशानं, ते शोधायचं. ज्यांचं काम सगळ्यांत चांगलं, ती जोडी तालुक्याच्या प्रदर्शनाला जाईल." चारुतेने लागलीच मनात तालुक्याची स्वारी सजविली, आणि जीपमध्ये आपण व सुमेधा शेजारी बसलो ऐसेही पाहिले. तोच सुमेधा जवळ आली आणि बोलली, "चारू, रागावू नकोस हं. केतकीनं आधी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. तिच्याकडं गमबूट आहेत, पार मधल्या धारेपर्यंत जाता येतं." चारुता बोलली, "जा की. मला काय त्याचं?" मुखे ऐसे बोलली आणि अंगाचा तिळपापड जाहला. पाचवीपासूनची मैत्री, आणि ती रबरी बुटांवर गेली, हे दुःख तिने कोणास सांगावे? दुसरी जोडीदारीण करणे तिच्या मानास रुचेना, सबब एकांडा शिलेदार होऊन लढावे आणि त्या हेबाळकरणीस धूळ चारून आपली जहागीर परत घ्यावी, ऐसा निश्चय केला.

मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सारी फौज ओढ्यावर उतरली. चारुता काठी बसून बाटली भरत होती, परंतु लक्ष सारे मधल्या धारेत. तेथे एक बूट केतकीने घातला होता आणि एक सुमेधेने, आणि दोघी एकमेकींचा दंड धरून लंगडत चालल्या होत्या. केतकीने पाण्यातली गोगलगाय सुमेधेच्या तळहातावर ठेविली. पाल पाहून बेंचावर चढणारी ही सुमेधा, ती किंचाळली, मग हसली, मग गोगलगाय नाकाजवळ नेऊन पाहू लागली. आपल्यासोबत ही कधी ऐशी हसली होती, ते चारुता आठवू लागली आणि काही केल्या आठवेना. तेव्हा तिला जे वाटले तो मत्सरच होता, त्यास दुसरे नाव देण्यात अर्थ नाही. मग ती घरी आली आणि बाटली खिडकीत ठेवून पाहिली. पाणी काळपट, वर साबणाचा फेस, खाली गाळ. बाईसाहेबांच्या पुढ्यात ऐसे ध्यान न्यावे कैसे? सरनोबतांच्या घरी नळास गढूळ पाणी येई, सबब फडक्याने गाळावे, तुरटी फिरवावी, निवळू द्यावे, ही रोजची रीत. चारुतेने तेच केले, आणि पुन्हा केले, आणि पाणी हिऱ्यासारखे जाहले. यात काही लबाडी आहे ऐसे तिच्या स्वप्नीही आले नाही. मग पट्टी लावून लेबल चिकटविले, त्यास वेलबुट्टी काढिली, आणि सोमवारच्या विजयाच्या आनंदात भाकर जरा जास्तच खाल्ली.

पुढे सोमवारी दरबार भरला. सर्व जोड्यांनी बाटल्या मांडिल्या, आणि नवल हे की सर्वांचेच पाणी निवळ. कोणी चहाच्या गाळणीतून काढिले होते, कोणी आईच्या जुन्या ओढणीतून. बाईसाहेबांपुढे घाण नेण्याची छाती कोणाची होती? एक केतकी नवखी, तिला शिरस्ता ठाऊक नव्हता आणि बाटली तिच्याच घरी राहिली होती, सबब तिची आणि सुमेधेची बाटली तेवढी काळी, आत किडे वळवळत होते आणि लेबल तिरपे. बाईसाहेबांनी एकेका बाटलीमागे वर्तमानपत्र धरून पाहिले. चारुतेच्या बाटलीतून लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचता आल्या. काळ्या बाटलीतून मथळाही दिसेना. तेव्हा बाईसाहेब संतापल्या. "एकाच ओढ्याचं पाणी, एकाच दिवशीचं, आणि एवढा फरक? प्रकल्प उठून दिसावा म्हणून कुठलंतरी डबकं ढवळून आणलंत ना?" केतकी बोलली, "नाही बाई. धारेतलंच आहे." "मग एवढी सगळी मुलं खोटी?" यावर साऱ्या परगण्याने आपापल्या वहीत डोके घातले. चारुतेस त्याच घडीस उमजले की आपण पाणी गाळिले ते चुकले, आणि खरा ओढा त्या काळ्या बाटलीत आहे. एक वाक्य बोलायचे होते. परंतु केतकीचे कान लाल जाहलेले पाहून तिला ऐसे गोड वाटले, ऐसे गोड वाटले, की ते वाक्य तिने गिळून टाकिले. मग निकाल जाहला की चारुतेने तालुक्यास जावे आणि जोडीदारीण स्वतः निवडावी. चारुता उठून बोलली, "सुमेधा." सुमेधा मान खाली घालून बोलली, "मला नको, बाई."

मधल्या सुट्टीत चारुतेने तिला नळापाशी गाठिले. "नको का म्हणालीस? मी तुझंच नाव घेतलं ना?"

"तुझ्या पाण्यात तुरटी होती," सुमेधा बोलली. "बघितल्याबरोबर ओळखलं मी. तुमच्या घरचं पाणी पाचवीपासून पितेय."

"मग बाईंना सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, तू सांगशील."

इतके बोलून ती गेली. सुट्टी संपल्याची घंटा जाहली. चारुता तडक बाईसाहेबांकडे गेली आणि भर वर्गात बोलली, "बाई, मी पाणी गाळलं होतं. तुरटीही फिरवली. केतकीचं पाणी खरं आहे." खरे बोलण्याची हौस तिला किती आणि सुमेधा परत मिळेल ही आशा किती, याचा निवाडा बखरकाराने करू नये. बाईसाहेबांनी विचारिले, आणखी कोणी गाळले? मग एक हात वर जाहला, मग दुसरा, मग सारी नववी ब हात वर करून बसली. बाईसाहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "माझ्या भीतीनं तुम्ही ओढासुद्धा धुऊन आणलात," ऐसे हळू बोलल्या, आणि काळी बाटली उचलून मेजावर मध्यभागी ठेविली. केतकीची माफी मागितली आणि तालुक्याचा मान तिच्या जोडीस दिला. सुमेधा जाताना चारुतेपाशी थांबली, हात दाबला आणि बोलली, "बरं केलंस गं." चारुतेस वाटले, जहागीर परत आली.

पुढे प्रदर्शनाच्या दिवशी फाटकापाशी जीप लागली. केतकीने मांडीवर काळी बाटली धरिली आणि सरकून सुमेधेस खिडकीची जागा दिली. सुमेधेने बाहेर हात काढून म्हटले, "चारू, येते गं," आणि ते मनापासून म्हटले, यात संशय नाही. मग मान वळवून केतकीस काही सांगू लागली, आणि दोघी हसल्या. तेच ते ओढ्यातले हसू. चारुतेनेही हात हलविला, तोंडभर हसली, आणि बाटली वाटेत फुटावी ऐसे मनात आले तेव्हा स्वतःचीच लाज वाटून तिने हात आणखी जोराने हलविला. जीप वळणाआड गेली तरी हलवीतच होती. येणेप्रमाणे ओढा आपल्या खऱ्या रंगाने तालुक्यास रुजू जाहला, सुमेधा दोघींचीही मैत्रीण राहिली, आणि चारुतेस त्यातला निम्मा वाटा मिळाला. तो तिला पुरला नाही. घडले तैसे लिहिले, अधिक उणे वाचणाराने आपल्या पदरचे घालावे. लेखन पुरे.