मापाच्या चिठ्ठ्या

शिंप्याची चार वाजता इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. पास झाला तर शिवणशाळेत मास्तर. नाही तर आहेच पायडल नि कुरकुरणारे गुडघे. गाडं अडलं होतं ‘गेट’ या एका क्रियापदावर. मिळणं, होणं, पोचणं, उठणं, जिथे बघावं तिथे हे न बोलावलेल्या पाहुण्यासारखं हजर! म्हणून मापाच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर त्याने एकेक वाक्य लिहिलं, चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या कपड्याला टाचल्या, नि शिवताशिवता घोकल्या.

दुपारी उजळणीला बसला, तर कपडे गायब.

“इस्त्री करून घरोघर पोचवले,” बायको म्हणाली. “म्हटलं, परीक्षेच्या दिवशी तेवढाच हातभार.”

“आणि चिठ्ठ्या?”

“होत्या तशाच. तुमच्या मापांना मी कशाला हात लावू?”

शिंपी अनवाणीच धावला.

कंत्राटदार विजार घेऊन दारातच उभा. “यू आर गेटिंग फॅट? कापड तू चोरायचंस नि नाव माझ्या पोटाला?”

“साहेब, तो अभ्यास आहे.”

“माझ्या पोटाचा?”

मास्तरीणबाईंच्या झंपराला ‘गेट मॅरीड’. “आईनेच लिहायला सांगितलं ना? खरं बोला!”

आतून आई ओरडली, “मी नाही गं! पण लिहिणाऱ्याचं भलं होवो!”

दुकानमालकाच्या कोटाला होतं ‘गेट लॉस्ट’. तिथे शिंप्याने गुडघ्यांना न विचारता सरळ पाय धरले.

दारोदार क्रियापद समजावता समजावता ते त्याला झोपेतही म्हणता येईल इतकं पाठ झालं.

शेवटचं घर कारकुनाचं. तीन महिने अंथरुणाला खिळलेला माणूस उशीला टेकून बसला होता, चिठ्ठी मुठीत. ‘यू आर गेटिंग बेटर.’

“डॉक्टरसुद्धा असं लिहून देईना हो,” तो म्हणाला. “तुम्ही दिलंत.”

त्याच्या बायकोने डोळ्यांनीच विनवलं, खरं सांगू नका. शिंपी पाणी पिऊन उठला.

चारला तो परीक्षकबाईंपुढे ताठ बसला. “विचारा बाई. ‘गेट’चा कुठलाही अर्थ विचारा.”

“ते सकाळच्या लोकांना विचारलं. तुम्ही ‘टेक’ सांगा.”

शिंपी छताकडे बघत राहिला, वेळ संपेपर्यंत.

पडलेल्या चेहऱ्याने परतला, तर दुकानाशी कारकुनाची बायको, हातात नवाकोरा सदरा.

“काय बिघडलं, वहिनी?”

“काही नाही, भावजी. बटण मीच तोडलंय.” ती ओशाळून हसली. “तेवढं लावा, नि सोबत एक चिठ्ठी. हे दुपारपासून विचारताहेत, पुढचं वाक्य काय?”

शिंप्याने कोरी चिठ्ठी ओढली. तेवढ्यात आतून बायको म्हणाली, “‘टेक’चं लिहा हो! पुढल्या खेपेची तयारी होईल.”