शुधाकरबाबूंची टेकडी

राजस्थानातल्या वाळवंटात, तेही टेकड्यांवरून, अर्धी मॅरेथॉन धावायची असं सुधाकर पोंक्षे यांनी ठरवलं आणि रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात धरून घरात जाहीरही करून टाकलं. अंतर एकवीस किलोमीटर, टेकड्या सात, मुदत साडेतीन तास. वय त्रेपन्न. बँकेने कोलकात्याला बदली केल्यापासून पोटाने जी मोकळीक घेतली होती, ती वेगळीच.

"त्यात काय एवढं!" ते म्हणाले.

"बाबा, तू गिटार अर्धा सोडला. बंगाली क्लास अर्धा सोडला. बाल्कनीचा रंग पण अर्धाच आहे," सानिका म्हणाली. इथेच वाढलेल्या लेकीचं मराठी जरा लंगडायचं, पण नेम चुकत नसे.

 त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी बाल्कनीच्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीकडे नुसतं पाहिलं, आणि ते सुधाकररावांच्या फार जिव्हारी लागलं. या वेळी काहीही होवो, शेवटची रेघ ओलांडायची आणि पोरीला ते कबूल करायला लावायचं, असा त्यांनी पणच केला.

अडचण एवढीच, की कोलकात्यात चढ नाही. डमडमपासून एस्प्लनेडपर्यंत सगळं शहर पोळपाटासारखं सपाट. उड्डाणपुलावर पळून पाहिलं, तर पोलिसाने शिट्टी मारून खाली उतरवलं. शेवटी टेकडी सापडली ती आपल्याच इमारतीत. अकरा मजल्यांचा जिना! रोज सकाळी सहाला पाच वेळा चढायचं आणि दर वेळी लिफ्टने खाली यायचं. गुडघे जपायला नकोत? शिवाय उतरायचा कसला सराव, असा साहेबांचा विचार.

चौथ्या दिवशी नवव्या मजल्यावरच्या दासगुप्तांनी हे पाहिलं. निवृत्त माणूस, विचार करायला भरपूर वेळ. बँकेतला अधिकारी वर जाताना जिना घेतो आणि खाली येताना लिफ्ट, याचा अर्थ काय? लिफ्ट वर जातानाच धोक्याची आहे! संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतभर झाली.

"अहो, लिफ्ट चांगली आहे," सुधाकररावांनी परोपरीने सांगितलं.

"मग तुम्ही तिने वर का जात नाही, शुधाकरबाबू?"

"मला वाळवंटात पळायचंय."

दासगुप्तांनी त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. मग वासंतीबाईंना बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

लिफ्टवरचा विश्वास उडाला तरी बाजार थोडाच थांबतो? रविवारी दासगुप्ता जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभे. "तुम्ही वर जातच आहात, तर एवढं..." पिशवीत ताजा इलिश मासा होता. पोंक्ष्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. सुधाकररावांचा हात मागे आला, पण मनाने हिय्या केला. दोन किलो वजन, सरावाला उत्तमच की! आठवड्याभरात सहा घरांचे मासे त्यांच्या हाती आले. आंघोळीआधी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा वासंतीबाईंनी नियम केला. सुधाकररावांनी सगळं सोसलं. दोन महिन्यांत पाय असे तयार झाले की बघत राहावं.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या टेकडीवर त्यांनी पंचविशीच्या पोरांना मागे टाकलं. माथ्यावर पोचले, पुढे उतार पाहिला आणि पाऊल टाकलं. मांड्या लटलट कापायला लागल्या, गुडघा परस्पर दुमडला. दोन महिन्यांत हा माणूस एक पायरी उतरला नव्हता! मागची पोरं टणाटण उड्या मारत पुढे गेली.

क्षणभर त्यांना रडूच आलं. मग ते सरळ वाळूत बसले आणि घसरत निघाले. सात टेकड्या पायांनी चढले आणि सातही बसून उतरले. चड्डीची पार चाळण झाली. तीन तास अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी रेघ ओलांडली, तेव्हा शर्ट काढून कमरेला मागून बांधलेला होता.

पदक घ्यायला पाच पायऱ्या चढून व्यासपीठावर जायचं होतं. ते झपाझप चढले, पदक गळ्यात पडलं, आणि वळून पाहतात तो समोर त्याच पाच पायऱ्या. पाहुण्यांसमोर बसून घसरायचं कसं? ते जागीच उभे राहिले. तेवढ्यात बक्षीस समारंभ सुरू झाला. हे आयोजकांपैकीच कोणीतरी असतील असं समजून पाहुण्यांनी त्यांच्या हातात पुष्पगुच्छांचं तबक दिलं.

तिसऱ्या दिवशी घरी सानिका सोफ्यावर बापाशेजारी बसून मोबाइलवर शर्यतीचे फोटो बघत होती.

"बाबा, 'महिला, वीस ते तीस' मध्ये पण तू? आणि 'साठीपुढचे' मध्ये पण?"

"ते जाऊ दे. रेघ ओलांडली की नाही?"

सानिकाने त्यांच्या गळ्यातलं पदक उचलून उलटसुलट पाहिलं. "ओलांडली, बाबा. खरंच ओलांडली."

सुधाकररावांचे डोळे भरून आले. उठून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवावा, सगळ्या इमारतीला पेढे वाटावेत, असं त्यांना फार फार वाटलं. पण सोफा खोल होता, मांड्या अजून धरलेल्या होत्या, त्यांना उठवायला दोघी लागायच्या, आणि वासंतीबाई अजून बाजारातून यायच्या होत्या.