साडेसहाची खरेदी समिती

आपण जिवंत आहोत हे प्रेमदासजींना बँकेत जाऊन दाखवायचं होतं आणि नेमकी त्याच सकाळी त्यांची गाडी मेली. नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा. इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची पिशवी बाजूच्या सीटवर ठेवून त्यांनी चावी फिरवली, तेव्हा आतून एकदाच 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली तर तेवढाही आला नाही.

गाडी धुरपताबाईंच्या हौसेची होती. प्रेमदासजी पाटबंधारे खात्याच्या भांडार शाखेतून निवृत्त झाले तेव्हा ती घेतली, कारण अल्लीपूरला माहेरी एकदा तरी स्वतःच्या गाडीतून उतरायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. तशा त्या पाच-सहा वेळा उतरल्याही. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि गाडीला जायला ठिकाणच उरलं नाही. महिन्यातून एकदा बँक, एकदा दवाखाना. बाकीचे दिवस सिंदी मेघेच्या त्या गल्लीत गाडी कव्हर घालून उभी आणि मालक दार लावून आत बसलेले. पुण्याहून मुलाचा, रत्नदीपचा, रोज फोन येई. जेवले का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो. तीन मिनिटांत सगळं आटपे. मग संध्याकाळी साडेसहानंतर घर अगदी खायला उठे. प्रेमदासजी टीव्हीवरच्या बातम्यांना मोठ्याने उत्तरं देत, का तर दिवसभरात आपला आवाज एकदा तरी ऐकू यावा.

"धक्का मारू का जी?" समोरच्या घराच्या ओसरीवरून महादेवरावांनी विचारलं. महादेवराव एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. दुसऱ्याची गाडी बंद पडलेली दिसली की त्यांच्या अंगात तरतरी येई. तेवढ्यात मागच्या घरी भाड्याने राहणारी वर्षाली स्कूटीवरून निघाली. ती नर्सिंग कॉलेजात शिकवायची, मूळची रोहण्याची. तिनेही स्कूटी लावली आणि ओढणी कमरेला खोचली.

"दुसऱ्या गिअरमंधी टाका. क्लच दाबा. म्या 'सोडा' म्हनलं का सोडा!" महादेवरावांनी मागून फर्मान काढलं.

दोघांनी गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. महादेवराव तीनदा "सोडा" म्हणाले, प्रेमदासजींनी तीनदा क्लच सोडला. गाडीने तीन गचके दिले आणि गप्प बसली.

"चावी ऑन केली होती ना काका?" वर्षालीने धापा टाकत विचारलं.

प्रेमदासजींनी खाली पाहिलं. चावी पिशवीत होती.

आता गाडी गल्लीच्या टोकाला, आणि ढकलणाऱ्यांत परत ढकलायची ताकद नाही. मेकॅनिक कवडूला फोन गेला आणि तो येईपर्यंत प्रेमदासजी म्हणाले, "या ना घरात. चहा मांडतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या दिवसांनी निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. साखर डब्यात जेमतेम दोन चमचे होती. तिघांनी तो फिका चहा फुंकून फुंकून प्यायला आणि कोणी काही बोललं नाही, यावरून माणसं भली होती हे ओळखावं.

कवडूने आपल्याजवळच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करून दिली. वर निदानही सांगितलं. "बॅटरी चांगली हाये जी. गाडी जागची हालतच नाई तं ते काय करन बिचारी? बसून बसून उतरून राह्यली. रोज फिरवा, नाई तं दर महिन्याले मले फोन करा."

"त्यापेक्षा जंप स्टार्टर घ्या ना काका," वर्षाली म्हणाली. "आमच्या कॉलेजच्या सरांकडे आहे. टिफिनच्या डब्याएवढा असते. चिमटे लावले का गाडी सुरू. कोनाची गरज नाई."

"असल्या डब्यानं कुठी गाडी सुरू होते का?" महादेवराव हसले. "मोबाइल होईन चार्ज!"

इथे प्रेमदासजींमधला भांडार शाखेचा वरिष्ठ लिपिक जागा झाला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी टाचणीसुद्धा तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता आणि खरेदी समिती यांच्याशिवाय घेतली नव्हती. त्यांच्या टेबलावर गेलेली फाइल शेऱ्यांनी जाडजूड होऊनच बाहेर पडे. एकदा कार्यालयाच्या पंख्यांची खरेदी त्यांनी इतकी काटेकोरपणे तपासली की पंखे आले तेव्हा थंडी पडली होती.

"असं एकदम घेऊन नाई जमत," ते म्हणाले. "समिती बसवा लागते. तुम्ही दोघं सदस्य. उद्या साडेसहाले या."

दोघांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण दुसऱ्या दिवशी साडेसहाला दोघंही आले. गाडीचा भरवसा नको म्हणून प्रेमदासजी ऑटोने बँकेत जाऊन हयात ठरून आले होते, येताना किलोभर साखर घेऊन आले होते. टेबलावर नवी फाइल होती. विषय : मोटारगाडी सुरू करण्याचे सुवाह्य यंत्र खरेदीबाबत.

पहिली बैठक अँपिअरवर झाली. एका डब्यावर दोन हजार लिहिलेलं, दुसऱ्यावर चार हजार. "हा आकडा नुसता दाखवायचा असते," वर्षालीने मोबाइलवर वाचून सांगितलं. "गाडी सुरू करताना खरा करंट किती देते, ते पाहा लागते. आपली गाडी लहान, पेट्रोलची. तिले एवढा हत्ती नाई लागत." दुसरी बैठक चिमट्यांवर झाली. उलटे लागले तर डबा स्वतःहून बंद होतो का? तिसरीत महादेवरावांनी टॉर्चचा मुद्दा काढला, कारण रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला पहिल्यांदा उजेड लागतो, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. चौथीत उन्हाळा निघाला. मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात बंद गाडीत डबा ठेवला तर तो फुगेल, म्हणून तो घरात ठेवावा लागणार. पण घरात ठेवला तर गाडी बाहेर बंद पडल्यावर काय करणार? हा प्रश्न कोणालाच सुटेना आणि साडेसात वाजले.

सहाव्या बैठकीला खरं तर एक डबा पक्का झाला होता. तिघांचंही एकमत होतं. प्रेमदासजींनी पेन उघडलं, सहीच्या जागेवर टेकवलं, आणि त्यांच्या डोक्यात आलं की सही केली की उद्या साडेसहाला कोणी येणार नाही. महादेवराव आपल्या ओसरीवर, वर्षाली आपल्या खोलीत आणि आपण पुन्हा बातम्यांना उत्तरं देत. त्यांचा हात थांबला.

"वॉरंटीचा खुलासा नाई केला यानं," ते म्हणाले. "सर्व्हिस सेंटर वर्ध्याले हाये का नागपूरले?"

"हां, हे तं पाहाच लागीन!" महादेवराव लगेच म्हणाले. नको तितक्या लगेच म्हणाले, पण ते प्रेमदासजींच्या ध्यानात आलं नाही.

मग शेऱ्यांना ऊत आला. वजन. केबलची लांबी. रंग. माहितीपत्रक मराठीत नसणे. दरम्यान चहात आलं पडू लागलं, आठव्या बैठकीला प्रेमदासजींनी धुरपताबाईंच्या हातची आठवून आठवून भजी तळली. ती बाहेरून काळी आणि आतून कच्ची झाली, तरी ताट रिकामं झालं. धुरपताबाईंच्या फोटोसमोर अगरबत्ती लावताना ते म्हणाले, "तुह्या गाडीनं मानसं आनली पाह्य घरात."

गडबड रत्नदीपने केली. "बाबा, पंधरा दिवस झाले. एका डब्यासाठी कसली समिती? मी मागवून टाकतो," असं म्हणून त्याने पुण्यात बसून बोट दाबलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कुरियरवाला चंदन दारात हजर. प्रेमदासजींनी त्याच्या मोबाइलवर बोटाने सही केली, खोका हातात घेतला आणि बराच वेळ दारातच उभे राहिले. ज्याने नोकरीत सरकारी कार्बन पेपर कधी घरी आणला नाही, त्या माणसाने स्वतःच्या मालकीचा खोका चोरासारखा आत नेला आणि गव्हाच्या कोठीत खोल पुरून ठेवला. संध्याकाळी केबलच्या लांबीवर एक तास चर्चा झाली.

रात्री रत्नदीपचा फोन. "पोचला ना डबा?"

"कोनता डबा?"

"अहो बाबा, इथे पोचला म्हणून दाखवतंय!"

"दाखवत असन. इकडं नाई आला."

मुलगा बापाच्याच वळणाचा. त्याने कंपनीकडे लेखी तक्रार ठोकली. त्याचा परिणाम सहाव्या दिवशी, ऐन बैठकीत दिसला. फाटक वाजलं आणि चंदन आत आला. तोंड उतरलेलं.

"काकाजी, तुमचा खोका म्या ठेवून घेतला म्हनून कंप्लेंट हाये. मले कामावरून काढून राह्यले. दोन लेकरं हायेत जी मले." त्याने मोबाइल पुढे केला. "हे सही तुमचीच हाये ना?"

वर्षालीने आणि महादेवरावांनी वाकून पाहिलं. नाकारायला जागाच नव्हती. बोटाने केलेली असूनही सही वळणदार होती आणि खाली तारीख घातलेली होती.

प्रेमदासजी उठले. आत गेले. कोठीचं झाकण वाजल्याचा आवाज आला. ते परतले तेव्हा हातात खोका होता आणि कोपरापर्यंत गव्हाचा भुसा. त्यांनी आधी रत्नदीपला फोन लावला. "डबा आला होता. चूक माही हाये. त्या मानसाची कंप्लेंट आत्ताच्या आत्ता मागं घे." चंदनचा जीव भांड्यात पडला, तो तिथेच खुर्चीवर टेकला.

"काका, हा आला कधी?" वर्षालीने विचारलं.

"सहा दिवस झाले."

"मग काल आपन चार्जिंगच्या पिनवर काऊन भांडलो?"

प्रेमदासजींनी खोका टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत म्हणाले, "हा निघाला असता तं उद्यापासून तुम्ही काऊन आले असते? घरात बोलाले कोनी नाई मले. लाज वाटते सांगाले, पन हेच खरं हाये."

 महादेवराव झटक्याने उठले आणि चपला घालून निघून गेले. प्रेमदासजींनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. राग येणारच, त्यांनी मनाशी म्हटलं, इतके दिवस खेळवलं आपण माणसाला. त्यांनी फाइल मिटली आणि नाडी बांधायला घेतली.

नाडीची गाठ बसायच्या आत महादेवराव परत आले. त्यांनी शर्टाखालून एक वस्तू काढून खोक्याच्या बाजूला ठेवली. काळा डबा, लाल-काळे चिमटे, वर धूळ.

"हे काय हाये?" प्रेमदासजींनी विचारलं.

"जंप स्टार्टर. पोरानं मांगल्याच्या मांगल्या दिवाळीले घेतला होता. कपाटात पडून हाये."

"म्हंजे पहिल्या दिवशी तुमच्याजवळ होता?"

"होता ना."

"अन् या वयात गल्लीभर धक्का मारला?"

महादेवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "डबा आनला असता तं दोन मिनिटात गाडी गेली असती अन् म्या परत ओसरीवर. अन् मंग तुम्ही चहाले बोलावलं. आमच्या घरात आठ मानसं हायेत जी. सारे आपापल्या मोबाइलात. मले 'बाबा, बाजूले व्हा' याच्याशिवाय कोनी बोलत नाई."

वर्षालीला हसू आलं आणि हसता हसता तिने ओढणीने डोळेही पुसले. "माह्याजवळ डबा नाई," ती म्हणाली. "पन साडेसहाले खोलीचं कुलूप उघडाले माह्याबी जिवावर येते."

 चंदनने न राहवून विचारलं, "पन गाडी कुठी हाये?"

गाडीची आठवण सगळ्यांना तेव्हा झाली. कवडूने सुरू करून दिल्यावर फाटकासमोर आणून लावली, तेव्हापासून ती उभीच होती. कव्हर काढलं, चावी फिरवली. 'टक्'. बॉनेट उघडून प्रेमदासजींनी नव्या डब्याचे चिमटे नियमाप्रमाणे, लाल लालला आणि काळा काळ्याला लावले. डब्यावर लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. वापरण्यापूर्वी पूर्ण चार्ज करावा, ही ओळ माहितीपत्रकात होती, पण त्या मुद्द्यावर बैठक झालेली नव्हती. महादेवरावांच्या डब्याने तर दिवाही लावला नाही. दोन दिवाळ्या चार्जिंगशिवाय काढलेला डबा लावणार तरी कसा?

"सरका," महादेवराव म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. "चावी ऑन हाये. मारा धक्का!"

वर्षाली, चंदन आणि प्रेमदासजी मागून लागले. रस्त्यावरच्या दिव्याखाली गाडी दहा पावलं गेली, गचका बसला आणि इंजिन धडधडलं. आता अर्धा तास तरी बंद करायची नाही, असा हुकूम महादेवरावांनी सोडला. म्हणून चौघं त्यात बसले आणि गाडी गावाबाहेर अल्लीपूरच्या दिशेला निघाली. खूप दूर गेले नाहीत. पण तीन वर्षांत त्या बाजूला गाडीचं तोंड पहिल्यांदाच वळलं होतं. प्रेमदासजी मागच्या सीटवर खिडकीपाशी बसले होते, जिथे धुरपताबाई बसायच्या.

वाटेतच रत्नदीपचा फोन आला. "तक्रार मागे घेतली. झाली का सुरू गाडी डब्याने?"

"नाई. धक्क्यानं."

"म्हणजे डबा खराब आहे? परत पाठवू का?"

"ते समिती ठरवीन. दोन्ही डबे चार्ज करून पाहा लागतीन, मंग तुलनात्मक तक्ता. घाई कराची नाई." प्रेमदासजींच्या आवाजात जुना वरिष्ठ लिपिक पुरता परतला होता. मागून वर्षालीचं हसणं, महादेवरावांचा हॉर्न आणि चंदनचं "सांभाळून जी, गाय हाये!" असं सगळं पुण्यापर्यंत ऐकू गेलं.

तीन मिनिटं होऊन गेली होती, तरी रत्नदीपने "बरं ठेवतो" म्हटलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "ते बैठक किती वाजता राह्यते?"

"साडेसहाले."

"मले फोनवर घेता येईन का?"

प्रेमदासजींनी क्षणभर विचार केला. नियमात तशी तरतूद नव्हती.

"अर्ज करजो," ते म्हणाले. "उद्याच्या बैठकीत ठेवतो."