जंगम मालमत्ता

"आता बघच तू! कोर्टाचा हुकूम आहे. मधवाल्याचा पैसा पाताळात दडला असला तरी वर येणार!" असं बायकोला म्हणत मिस्त्रींनी कप असा आपटला की बशीला तडा गेला.

मिस्त्री म्हणजे गल्लीच्या टोकाचे सुतार. हात सोन्याचा, तोंड करवतीचं. कान मात्र यंत्राच्या करवतीच्या आवाजाने केव्हाच अर्धे बहिरे केलेले. आणि मधवाला हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने मिस्त्रींकडून मधमाश्यांसाठी बारा पेट्या करून घेतल्या होत्या. पैसे पुढच्या हंगामात देतो म्हणाला. पुढच्या हंगामात फुलंच धरली नाहीत, मध झाला नाही, आणि मधवाला तोंड चुकवायला लागला. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर गप्पा ठोकणारा माणूस मिस्त्री दिसले की रस्ता ओलांडायचा!

मिस्त्रींना तेच झोंबलं. त्यांनी दावा लावला. पठ्ठ्या कोर्टातही आला नाही! निकाल एकतर्फी लागला. घरातलं सामान जप्त करायचं तर दोन खुर्च्या आणि एक खाट, त्याही मिस्त्रींनीच कधीकाळी प्रेमाने करून दिलेल्या. मग वकिलाने शक्कल लढवली. मधवाल्याचा मध विकतो मधपाळ संघ, म्हणजे पैसा संघाकडेच असणार. जप्ती तिथे आणायची! हुकूम निघाला: मधवाल्याची जी काही रक्कम वा जंगम मालमत्ता संघाच्या ताब्यात असेल, ती मिस्त्रींच्या हवाली करावी.

"भावजी येत नाहीत म्हणून जीव कासावीस होतोय, ते सरळ सांगा की," बायको म्हणाली.

"माझा जीव ठणठणीत आहे!"

संघाचे चिटणीस म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. हुकमातला स्वल्पविरामसुद्धा पाळणारा माणूस. त्यांचा फोन आला. "मिस्त्री, त्याच्या खात्यात दमडी नाही. पण त्याची बाकी मालमत्ता संघाच्या मळ्यावर आहे, ती हुकमाप्रमाणे पाठवतोय. पेट्या सकाळी पोचतील. जपून उघडा."

यातलं मिस्त्रींच्या कानात शिरलं ते फक्त "मालमत्ता", "पेट्या" आणि "उघडा".

"पेट्या भरून पैसा येतोय गं!" त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

सकाळी टेम्पोवाल्याने अंगणात पेट्या उतरवल्या आणि वाघ मागे लागल्यासारखा तो पसार झाला. मिस्त्रींनी पाहिलं मात्र, त्यांचं टाळकंच सटकलं. सांधे ओळखीचे! खिळे ओळखीचे!

"माझ्याच पेट्या मला परत? त्याही रिकाम्या?"

"अहो, ही पेटी गुणगुणतेय."

"तुझे कान वाजतायत!"

रागारागाने त्यांनी पहिलं झाकण ओढलं. निघेना. काम कुणाचं होतं! मग पटाशी घालून उचकटलं.

आधी वाटलं, धूर आला. मग धूर चावायला लागला. मिस्त्री "अगं अगं अगं" करत अंगणभर थयथयाट करायला लागले, त्यात दुसरी पेटी लवंडली. टेबलाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक अंगणातल्या नव्याकोऱ्या कपाटात शिरलं आणि त्याने आतून दार ओढून घेतलं. मिस्त्रींच्या नाकाचा बटाटा झाला, एक डोळा दुकान बंद करून बसला. ते कसेबसे घरात घुसले आणि त्यांनी फोन लावला.

"मास्तर, हे काय पाठवलंत?"

"जंगम मालमत्ता. जंगम म्हणजे हलणारी."

"ही नुसती हलत नाही हो, चावते!"

"चावण्याबद्दल हुकमात काही म्हटलेलं नाही."

"मग परत न्या!"

"कोर्टाच्या परवानगीशिवाय? मला नाही तुरुंगात जायचं." फोन बंद.

"येऊ का बाहेर?" कपाटातून आवाज आला.

"नको!" नवराबायको एका सुरात ओरडले.

मग बायकोने फोन हातात घेतला. "भावजींना बोलावते."

"खबरदार! त्याचं तोंड..." मिस्त्रींनी उरलेल्या डोळ्याने खिडकीबाहेर पाहिलं. "धावत ये म्हणावं."

मधवाला खरोखरच धावत आला. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, हातात धुराचं भांडं. आल्या आल्या त्याने विचारलं, "राणीमाशी बरी आहे ना?"

मिस्त्रींनी दोन वर्षं साठवलेल्या शिव्या ओठांवर आल्या, पण ओठच इतके सुजले होते की बाहेर नुसतं "फू फू" आलं.

मधवाला सावकाश, हलक्या हाताने कामाला लागला. धूर सोडत, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं माश्यांशी बोलत त्याने त्यांना पेट्यांत बसवलं. कपाटातलं गिऱ्हाईक सुटलं ते माप न देताच घरी गेलं. मग तो मिस्त्रींसमोर बसला आणि नखाने एकेक काटा खरवडून काढायला लागला.

"हलू नकोस. चिमटीत धरला की विष आत जातं."

ओठांवरचे काटे निघाल्यावर मिस्त्री बोबडत म्हणाले, "का येत नव्हतास रे?"

"कुठल्या तोंडाने येऊ? तुझे पैसे द्यायचे होते."

"मी आलो होतो मागायला?"

"दावा लावलास की! म्हटलं, आता तुला माझं तोंडही बघायचं नाही."

"अरे गाढवा, तोंड बघायलाच लावला होता!"

मधवाल्याचं नख तिथेच थांबलं. बायको चहाचं निमित्त करून आत गेली आणि पदराने डोळे पुसून आली.

जप्ती उठेपर्यंत पेट्या मिस्त्रींच्या अंगणातून हलवता येईनात, आणि मिस्त्रींना तर माशीची सावलीही नको. त्यामुळे मधवाला रोज सकाळ-संध्याकाळ यायला लागला. माश्यांचं काम घटकाभराचं, गप्पा दिवेलागणीपर्यंत. गिऱ्हाइकं मात्र फाटकापासूनच मागे वळायला लागली. शेवटी बायकोने दोघांना अक्षरशः ढकलत कोर्टात नेलं.

कारकुनाने जप्ती उठवण्याचा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि ओशाळून म्हणाला, "फार कामं तुंबलीयत हो. सुनावणीला सहा महिने तरी लागतील."

मिस्त्रींचा चेहरा पडला.

"सहाच?"