नक्षत्रतांड्यातील उलट्या टिपेची बखर

तमाम दर्शक, वाचक आणि रिमोट बाळगणार मंडळींस मालूम व्हावे. ग्रंथमुद्राधारी ग्रंथपालबाई यांणी आज्ञा केली जे, कादंबऱ्यांचे प्रकरणी जे युद्ध जाहले त्याची हकीकत लोक आताच तिखटमीठ लावून सांगतात, आणखी चार वर्षांनी तर ओळखूही यावयाची नाही, तरी साद्यंत आणि खरी लिहून ठेवणे. आज्ञेप्रमाणे लिहिली. सेवक तेसमयी शिंपीकाकांचे दुकानातील कोपऱ्यात स्टुलावर खासा हजर होता. स्टुलाचा एक पाय आखूड होता, याकरिता मजकूर कोठे डुलता वाटल्यास क्षमा असावी.

पूर्वी टीव्हीचे पडद्यावर ‘नक्षत्रतांडा’ म्हणोन मालिका होती. एक जहाज, त्याजवर चाळीस माणसे, आणि आकाशात राहावयास जागा शोधीत हिंडणे, ऐसा तिचा विषय. चौऱ्याण्णव भाग जाहले आणि मग वाहिनीवाल्यांची मर्जी फिरली आणि जहाज अधांतरी ठेवून मालिका बंद जाहली. त्यास नऊ वर्षे लोटली. लोक विसरले, परंतु काही निष्ठावंत विसरले नाहीत, आणि कातरबहाद्दर शिंपीकाका यांचे दुकानी दर शनिवारी दुपारी चार वाजता त्यांचा दरबार पूर्वीप्रमाणेच भरत गेला. काका मंडळाचे अध्यक्ष. सुटाच्या कापडाचे गठ्ठ्यावर बसत आणि एका जाड चोपडीत प्रत्येक भागाची नोंद ठेवीत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘आधार’ म्हणोन रकाना असे, त्यात ‘स्वतः पाहिले’ ऐसे लिहीत. चौऱ्याण्णवांपैकी त्र्याण्णव ठिकाणी तेच लिहिले होते.

राहिला भाग सदतिसावा. तो ज्या संध्याकाळी लागला त्याच संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि कुल वस्ती अंधारात बुडाली. पुढे तो भाग कधी दाखविला नाही, आणि मग वाहिनीचे गोदामात पाणी शिरून त्याची टेप कुजली, आणि भाग पृथ्वीवरून नाहीसा जाहला. मंडळापैकी तो पाहिला एकट्या काकूंनी. काजकुशल काकूसाहेब, म्हणजे काकांचे कुटुंब, दुकानातील काज-बटणांचा सारा कारभार त्यांजकडे, त्या दिवशी पलीकडील वस्तीत बहिणीकडे गेल्या होत्या आणि तेथे वीज होती. दुसरे दिवशी परत आल्या आणि त्यांणी सांगितले जे, जहाजाची कूस फाटली, हवा निघून चालली, चाळीस जीव कासावीस जाहले, आणि मग जहाजावरील इंजिनीअरबाईंनी तांब्याची तार घेतली आणि उलटी टीप घालून ती कूस शिवून काढिली. हे ऐकोन काकांचे डोळे भरून आले. आपल्या धंद्याचा आकाशात ऐसा मान कोणी केला नव्हता. त्यांणी नोंद लिहिली, आधाराचे रकान्यात ‘खात्रीलायक इसमाकडून’ ऐसे लिहिले, आणि निळ्या अस्तराचे कापडावर सुई-दोरा भरून मंडळाचे निशाण केले आणि ते आरशावर लाविले.

आता जे लिहितो ते तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. काकू त्या संध्याकाळी बहिणीकडे पोटभर जेवल्या, आणि भाग निम्मा होतो न होतो तो कोचावर त्यांचा डोळा लागला. जाग आली तो बातम्या लागल्या होत्या. घरी येतात तो काका दारातच उभे, आणि चप्पल काढू न देता ‘जहाज वाचलं का?’ म्हणोन पुसते जाहले. ते तोंड पाहून ‘मी झोपले’ म्हणावयाचे काकूंचे जिवावर आले. समोर सुई होती, दोरा होता, कुणाचा उसवलेला कोट होता. त्यातून त्यांणी जहाज शिवून दिले आणि चहा टाकावयास गेल्या. चार दिवसांत विसरतील ऐसा अदमास होता. त्याचे निशाण जाहले.

मग मालिका बंद जाहल्याचे वर्ष नववे, शनिवार, खबर आली जे प्रकाशक नक्षत्रतांड्यावर तीन कादंबऱ्या काढीत आहेत. दरबारात एकच गलका उडाला. दुसरी कादंबरी कप्तानाचे तरुणपणाची, आणि तिचे मुखपृष्ठावर कप्तानास दाढी! मालिकेत कप्तान चौऱ्याण्णव भाग तुळतुळीत. दाढीवर पाऊण तास रण माजले. चक्रधारी बसड्रायव्हर यांणी तिसरी आधी वाचावी ऐसा हट्ट धरिला, कारण शेवट समजल्याखेरीज त्यांजला सुरुवात करवत नाही. ग्रंथपालबाईंनी फर्मान काढिले जे, वाचन छापल्या क्रमाने होईल, आणि जो पुढचे वाचून दुसऱ्यास फोडील त्याचा चहा तीन शनिवार बंद. आणि मग त्यांणी पहिल्या कादंबरीचा जाहिरातीतील मजकूर वाचून दाखविला. ती होती सदतिसाव्या भागाची. मूळ लेखकाचे कागदांवरून, जसे घडले तसे.

हे ऐकताच कालयंत्रविशारद घड्याळजी उभे राहिले. भिंग कपाळावर, आवाज चढा. हे गृहस्थ दहा वर्षे म्हणत आले होते की पत्रा काही शिवला जात नाही, आणि दहा वर्षे त्यांजला कोणी विचारले नव्हते. त्यांणी भर दरबारी पैज मांडिली जे, पुस्तकात टाका निघाला तर मी कान धरीन, आणि न निघाला तर निशाण उतरावे, काकांनी गठ्ठ्यावरून उतरावे आणि चोपडी माझे स्वाधीन करावी. काका कात्री आपटून बोलिले, “माझ्या बायकोनं डोळ्यांनी पाहिलंय. मंजूर!” आणि काकूंचे हातातील सुई बोटात गेली.

पुढील आठवडा काकूंस फार जड गेला. तीस वर्षांत न जाहले ते जाहले आणि डॉक्टरांचे कोटास उलट्या बाजूस काजे पडली. तीन वेळा त्यांणी खरे सांगावयाचा इरादा केला. एके वेळी काकांचे तोंडात टाचण्या होत्या, दुसरे वेळी गिऱ्हाईक आले, आणि तिसरे वेळी काका निशाणास इस्त्री करीत होते आणि शीळ घालीत होते. तेथून त्या मुकाट परतल्या. चोपडी म्हणजे काकांचा जीव, आणि तो आपण कोचावर झोपून पणास लाविला, हे त्यांचे मनास खात राहिले.

शनिवार आला. बसड्रायव्हर डेपोतून पुडके घेऊन दाखल जाहले आणि इस्त्रीचे टेबलावर ठेविले. मंडळी दाटली. घड्याळजींनी सुतळीस कात्री लाविली. तो काकू उभ्या राहिल्या.

“थांबा. त्यात टाका नाहीये,” त्या बोलिल्या. “अहो, मला त्या दिवशी झोप लागली होती. शिवणबिवण सगळं मी रचून सांगितलं.”

काका गठ्ठ्यावरून आपणच उतरले आणि चोपडी घड्याळजींपुढे ठेविली. मग काकूंकडे वळोन इतकेच म्हणाले, “दहा वर्षं, अगं?”

“तुम्ही दारात असे उभे होता ना,” काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांस लाविला.

घड्याळजींची फत्ते जाहली होती, रक्ताचा थेंब न सांडता. परंतु ते चोपडीस हात लावीनात. आधी पुस्तक तर पाहू म्हणोन त्यांणी पान काढिले आणि आपणच मोठ्याने वाचू लागले. जहाजाची कूस फाटली. हवा निघून चालली. येथवर काकूंचे बरोबर होते. मग इंजिनीअरबाई धावत आल्या, आणि त्यांणी कपाट उघडिले, आणि एक ट्यूब काढिली, आणि ठिगळ चिकटवून दिले. घड्याळजी थांबले. ती ओळ त्यांणी पुन्हा वाचिली. या गृहस्थांची ख्याती ऐसी की ज्या घड्याळास कोणी डिंक लाविला ते घड्याळ ते हातात धरीत नसत, गिऱ्हाइकासही बाहेर काढीत.

“डिंक?” ते ओरडले. “चाळीस माणसं मरायला टेकलीत आणि ही बया डिंक लावते? हे काय पतंगाचं काम आहे?”

बसड्रायव्हर म्हणाले, ऐसे पुस्तक असेल तर शेवटही ऐकावयाचा नाही. ग्रंथपालबाईंनी पुस्तक मिटले. काका मात्र कोणाचे ऐकत नव्हते. ते काकूंपुढे स्टूल ओढून बसले आणि हळूच पुसते जाहले, “किती टाके घातले होते तिनं?”

“दोनशे बारा,” काकू तत्क्षणी बोलिल्या.

“आणि तार पुरली?”

“कुठली पुरतेय! शेवटचे नऊ टाके राहिले तेव्हा संपली. मग तिनं हातातलं कडं वितळवून तार ओढली. आईनं दिलेलं होतं ते.”

घड्याळजींनी भिंग काढून पुशिले. काका म्हणाले, “हे तेव्हा नाही सांगितलंस.”

“तेव्हा तुम्ही रडायला लागलात. पुढचं विचारलंत कुठे?”

यावर काका हसले, आणि ते हसले तैसे सारे दुकान हसले, आणि काकूही रडता रडता हसल्या.

मग तह जाहला तो येणेप्रमाणे. निशाण जेथे आहे तेथेच राहावे. घड्याळजींनी पैज जिंकली असे मानावे, परंतु कान त्यांणीच धरावा, आणि तो त्यांणी खुशीने धरिला. काकांनी गठ्ठ्यावर बसावे आणि शेजारी दुसरा गठ्ठा काकूंकरिता मांडावा. आणि राहिल्या दोन कादंबऱ्या आल्या म्हणजे पुडके फोडण्यापूर्वी काकूंनी त्यांची हकीकत आपल्या मते सांगावी, आणि मग छापील वाचून दोहोंपैकी चांगली असेल ती मंडळाने खरी धरावी. दाढीचा प्रश्न तूर्त तहकूब राहिला. ऐसा या युद्धाचा निकाल लागला आणि शिंपीकाका अध्यक्षपदी कायम जाहले.

शेवटी घड्याळजींनी चोपडी दोन्ही हातांनी परत केली. काकांनी सदतिसावे पान काढिले आणि खाली दोनशे बारा टाके आणि कड्याची गोष्ट सुवाच्य अक्षरांत चढविली. मग पेन आधाराचे रकान्याकडे नेले. ‘खात्रीलायक’ हा शब्द आता खोडतात म्हणोन काकूंनी मान फिरविली. काकांनी तो खोडला नाही. त्याचे आधी, मिळेल तेवढ्या जागेत, बारीक अक्षरांनी आणखी दोन शब्द घातले, ते आजही तेथे आहेत: ‘झोपलेल्या, तरी खात्रीलायक इसमाकडून.’