सुलभ पायवाटा आणि हेडमास्तरांचा अर्धा तास

माणसाला चालता येऊ लागते ते वर्षाच्या आतबाहेर, आणि उरलेले आयुष्य तो चालणे टाळण्याच्या खटपटीत घालवतो. चाक, खुर्ची, लिफ्ट आणि धाकटा भाऊ हे मानवाचे चार थोर शोध याच खटपटीतून लागले. अशा काळात आमच्या नगरपालिकेने 'सुलभ पायवाट समिती' नेमली, याचे करावे तेवढे कौतुक थोडेच. (समितीची पहिली बैठक दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. गणसंख्येअभावी ती तळमजल्यावर झाली.)

आमचे गाव ही ऐतिहासिक बाजारपेठ आहे. ऐतिहासिक म्हणजे येथील रस्ते रुंद करता येत नाहीत, आणि बाजारपेठ म्हणजे ते मोकळे ठेवता येत नाहीत. गावाला दगडी वेस आहे, कमानींची कापडगल्ली आहे, नदीवर जुना पूल आहे आणि पाठीमागे एक टेकडी आहे, तिला आम्ही किल्ला म्हणतो. (किल्ल्याचे दगड गावकऱ्यांच्या ओट्यांत आणि उंबरठ्यांत सुरक्षित आहेत.) पाहुण्यांना झेपतील अशा वाटा शोधायच्या आणि त्यांवर पाट्या लावायच्या, एवढेच समितीचे काम. मी समितीचा चिटणीस. अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर. गावातली निम्मी माणसे त्यांच्या वर्गात बसलेली आणि उरलेली त्यांच्या वर्गाबाहेर उभी राहिलेली.

काम सुरळीत चालले होते. पण मध्येच अध्यक्षांचे रक्त तपासले गेले आणि त्यात साखर निघाली.

"सर, रोज अर्धा तास चालायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. याही सरांच्याच विद्यार्थिनी. "आणि न थांबता. मध्ये थांबलात की पहिल्यापासून."

सरांचे चिरंजीव दूर मोठ्या शहरात चौदाव्या मजल्यावर राहतात. त्यांनी फोनवरून निकालच लावला. "बाबा, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर तुम्ही आणि आई कायमचे इकडे. आमच्या बिल्डिंगखाली ट्रॅक आहे. एकदम सपाट. कुणाचा त्रास नाही."

सर त्या चौदाव्या मजल्यावर एकदा आठवडाभर राहून आले होते. चौथ्या दिवशी त्यांनी फ्रिजबरोबर आलेली सूचनापुस्तिका पत्नीला, म्हणजे आमच्या बाईंना, मोठ्याने वाचून दाखवली आणि पाचव्या दिवशी तिच्यावर प्रश्न काढले. त्यांना तिकडे जायचे नव्हते. आम्हालाही त्यांना जाऊ द्यायचे नव्हते. ही गोष्ट सभेच्या वृत्तांतात 'ऐनवेळचे विषय' या सदरात नोंदलेली आहे, कारण माया या विषयाला आमच्या कामकाजात वेगळे सदर नाही.

सरांसाठी समितीने सर्वांत सोपी वाट निवडली: घर ते जुना पूल, मार्गे कापडगल्ली. सपाट फरशी, कमानींची सावली. सर सकाळी निघाले. कोपऱ्यावर घड्याळजीने विचारले, "काय सर, कुठे निघालात?" सरांनी सांगितले. पुढे कुलूपवाल्याने मुलाच्या गणिताबद्दल सल्ला घेतला. शिंप्याच्या बायकोने शिंप्याबद्दल तक्रार केली आणि दोन दुकाने पलीकडे शिंप्याने तिच्याबद्दल. कापडवाल्याने तर "जरा टेका की" म्हणून खुर्चीच पुढे केली. दोन तासांनी सर पुलापासून जवळजवळ पूर्वीइतकेच दूर होते. चालण्याचा एकूण वेळ नऊ मिनिटे भरला, तोही मी सरांची बाजू घेऊन मोजला म्हणून.

यातून समितीला एक शास्त्रीय शोध लागला. वाट अवघड होते ती चढामुळे नव्हे, ओळखीमुळे. चढावर माणूस दमतो, पण पोहोचतो. ओळखीच्या गल्लीत तो दमत नाही आणि पोहोचतही नाही. त्यानुसार गावातल्या सर्व वाटांची नवी प्रतवारी झाली. जेथे कुणी काही विचारत नाही ती 'सुलभ'. विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत, ती 'मध्यम'. हात धरतात ती 'अवघड'. बसवून घेतात ती 'अतिअवघड'.

शास्त्राचे निष्कर्ष मान्य करावेच लागतात. किल्ल्याची उभी चढण 'सुलभ' ठरली, आणि कापडगल्लीच्या तोंडाशी 'अतिअवघड, अनुभवी गिर्यारोहकांनीच पुढे जावे' अशी पाटी लागली. पाहुणे दोर आणि हेल्मेट घेऊन कापडगल्लीत येऊ लागले. एक जोडपे बाबागाडी घेऊन किल्ल्यावर निघाले. (त्यांना वाटेतून उतरवून आणले. बाळ मजेत होते.)

सरांसाठी मात्र खरोखरची सुलभ वाट हवी होती. ती सापडली धान्यगोदामांच्या मागे. जुन्या तटाच्या भिंतीला लागून थेट नदीपर्यंत जाणारी वाट, तिच्यावर ना दुकान ना दार. समितीने तेथे पाटी लावली: 'पुढे हेडमास्तर चालत आहेत. कृपया ओळख दाखवू नये.'

पाटी गावाने वाचली, एवढेच नव्हे तर मनावर घेतली. आमच्या गावात पाटी पाळली जाण्याचा हा पहिला प्रसंग. पण सरांना अर्धा तास जमतो की नाही, हा घोर सगळ्यांनाच होता. म्हणून पहिल्या सकाळी अर्धे गाव त्या वाटेवर हजर झाले. आणि ओळख तर दाखवायची नव्हती, म्हणून सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कापडवाला, कुलूपवाला, शिंपी, त्याच्यापासून चार माणसे सोडून त्याची बायको, आणि शेवटी मी. डॉक्टरीणबाई घड्याळ घेऊन नदीच्या टोकाला.

सर आले. पावले झपझप पडत होती. निम्मी वाट संपली. मग पावले मंदावली आणि थांबली.

"कुणी शिक्षा केली रे तुम्हाला?"

कापडवाला भिंतीलाच म्हणाला, "कुणी नाही, सर. आम्ही आपणहून उभे आहोत."

"आपणहून? मग काहीतरी मोठंच केलेलं दिसतंय."

"सर, थांबलात! पहिल्यापासून!" तिकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"तुला नंतर बघतो," सर म्हणाले.

आता कुलूपवाल्याला राहवेना. "सर, तुम्ही थांबू नका हो. तुम्ही त्या चौदाव्या मजल्यावर गेलात तर आम्ही कुणाला विचारायचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पुन्हा काढून पुसला. मग सगळ्या शाळेला ऐकू जायचा तो आवाज लावला.

"मागे फिर! ज्याला जे विचारायचंय ते चालता चालता विचारा. जो थांबेल तो नापास."

त्या दिवसापासून आमच्या गावात कुणी कुणाला थांबवत नाही. बोलायचे तर बरोबर चालायचे. कुलूपवाल्याला सरांशी बोलायचे असते म्हणून तो चालतो, आणि किल्ली हरवलेले गिऱ्हाईक त्याच्यामागून चालते. शिंपी चालता चालता मापे घेतो. (हल्ली शर्टाच्या दोन बाह्या कमीजास्त निघतात, पण कुणाचीही ढेरी आड येत नाही.) शिंप्याची बायको त्याची तक्रार त्याच्या शेजारून चालत करते, त्यामुळे तिला उत्तरही जागच्या जागी मिळते. नगरपालिकेची सर्वसाधारण सभाही फिरती झाली. विषय वेशीपाशी मांडतात आणि पुलावर मंजूर करतात. विरोधी पक्षाची तेवढी पंचाईत झाली आहे. चालत्या सभेचा सभात्याग करायचा तर जागच्या जागी थांबावे लागते, आणि थांबेल तो नापास.

तीन महिन्यांनी चिरंजीव आईवडिलांना न्यायला आले. बसस्टँडपासून घर हाकेच्या अंतरावर. पण वाटेत घड्याळजीने "कधी आलास?" म्हणत गाठले आणि चालू लागला. पुढे कापडवाला येऊन मिळाला. घरी पोहोचेपर्यंत चिरंजिवांच्या दोन गावप्रदक्षिणा झाल्या होत्या, बॅगेसकट. बाईंनी पाणी दिले आणि रक्ताचा अहवाल पुढे ठेवला. साखर उतरली होती. चिरंजिवांनी अहवाल उलटापालटा करून वाचला. बांधाबांध करायला आणलेली दोरी पुन्हा बॅगेत गेली.

"मीही चालतो बाबा, रोज ट्रॅकवर," ते म्हणाले. "अर्धा तास, एकदाही न थांबता."

"वा! कोण कोण भेटतं?"

चिरंजिवांनी आठवून पाहिले. पुन्हा आठवून पाहिले. सर उठले आणि पायात चपला सरकवल्या. "चल, पुलापर्यंत जाऊन येऊ." चिरंजीव एका दिवसासाठी आले होते, ते आठवडाभर राहिले.

तो ट्रॅक आमच्या प्रतवारीत 'सुलभ' या वर्गात पहिल्या क्रमांकाने बसला. असे मार्ग बाहेरगावी पुष्कळ असल्याचे समजल्यावरून समितीने आता सर्वांसाठी 'सुलभ वाट' प्रमाणपत्र सुरू केले आहे. वाचकांपैकी जे रोज घरातून निघतात आणि कुणीही "कुठे निघालात?" असे न विचारता सुखरूप परत येतात, त्यांनी जरूर अर्ज करावा. फी नाही. अट एकच: तुम्ही रोज चालता, याला त्याच वाटेवर राहणाऱ्या दोघांची साक्ष हवी, नावानिशी. अर्ज ढिगाने येत आहेत, पण साक्षीदारांची जागा सगळ्यांनी कोरी सोडलेली असते. आपण कोणती दोन नावे लिहाल ते आठवून ठेवावे. घाई नाही. आठवेपर्यंत समिती थांबायला तयार आहे.