वीतभर जागा

आमच्या महालिंगअप्पांना फोटोतल्या माणसाभोवती चौकट काढायची असली, की ते आधी त्या माणसाची परवानगी घेतात. 'इजाजत' हा त्यांचा शब्द. फोटोतला माणूस कुठल्या तरी परदेशात रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभा असतो. त्याला अप्पा माहीत नसतात, आमचं मानवत गाव माहीत असायचा तर प्रश्नच नाही. अप्पा कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, हात जोडतात आणि पडद्याला म्हणतात, "दादा, जरा हालू नका. चौकट काढायलोय. इजाजत हाय ना?" मग थोडं थांबतात. आजवर एकाही माणसानं नाही म्हटलेलं नाही, हे ते मला अभिमानानं सांगतात.

हे कुठं चालतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुठल्या मठात नोकरीला आहे. मानवतमध्ये एक जुनी जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिच्या हापिसाच्या वरच्या मजल्यावर आमचं संगणक केंद्र आहे. परदेशातली एक कंपनी पुण्याच्या कंपनीला काम देते, पुण्याची कंपनी ते आम्हाला देते आणि आम्ही ते अठरा पोरींना देतो. पोरींना पुढं द्यायला कुणी नाही, म्हणून ते काम होतं.

काम म्हणाल तर सोपं. गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यानं काढलेले रस्त्यांचे फोटो येतात. त्यातल्या माणसाभोवती, झाडाभोवती, जनावराभोवती चौकट काढायची आणि शेजारी नाव लिहायचं. असे ढिगानं फोटो बघून तिकडचं यंत्र शिकतं आणि मग गाडी ड्रायव्हरशिवाय चालते म्हणे. आमच्याकडं ड्रायव्हर असून एसटी वेळेवर चालत नाही, पण तो विषय वेगळा. मी या केंद्राची प्रमुख. प्रमुख म्हणजे इन्व्हर्टरचं पाणी बघणं, पुण्याची बोलणी खाणं आणि अप्पांना सांभाळणं.

अप्पा याच जिनिंगमध्ये चाळीस वर्षं कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, धागा किती लांब, ओल किती, आणि शेतकऱ्यानं गाडीत तळाला काय लपवलंय. पुढं मालकानं पारखायचं यंत्र आणलं आणि अप्पा घरी बसले. घरी म्हणजे आमच्या समोरच्या घरात. एकदा आमच्याकडं कापसाच्या बोंडांचे फोटो आले. पोरी सगळ्या कॉलेजच्या, पिकलं बोंड आणि किडकं बोंड यात घोळ घालायला लागल्या. मी अप्पांना जिना चढून वर यायची विनंती केली. त्यांनी माऊस चिमटीत कापूस धरावा तसा धरला आणि तीन दिवसांत पोरींना बोंड शिकवलं. काम संपलं, अप्पा काही गेले नाहीत. मग त्यांना तपासनीस केलं. पोरींनी काढलेली प्रत्येक चौकट अप्पांच्या नजरेखालून जाणार आणि मगच पुण्याला पोचणार.

हापिसात ते मला 'मॅडम' म्हणतात आणि अहोजाहो करतात. हापिसाबाहेर मी गल्लीतली 'सूनबाई' आणि अगंतुगं. ही बदली बरोबर उंबऱ्यावर होते. जिन्यात विचारतात, "सूनबाई, आज नळाला पाणी आलं का गं?" आणि दारातून आत पाय पडला की, "मॅडम, नमस्कार. तबियत बरी हाय ना?" मध्ये एका पायरीचंही अंतर नसतं.

त्यांचा दुसरा शब्द 'तसदीक'. म्हणजे खात्री. अप्पांना जगातल्या कुठल्याही गोष्टीची तसदीक लागते. परभणीच्या एसटीत बसले की कंडक्टरला विचारणार, "गाडी परभणीलाच जायली ना?" कंडक्टर म्हणतो, पाटी लावलीय की. "पाटी कुणी लावली? तसदीक केली का?" एकदा बिचारा ड्रायव्हर खाली उतरून पाटी वाचून आला. लग्नाची पत्रिका आली तर अप्पा आधी नवरीच्या घरी जाऊन विचारून येतात, की लग्न खरंच आहे का. दोन ठिकाणी त्यांना हाकलून दिलं. एका ठिकाणी लग्न खरंच मोडलेलं निघालं, तेव्हापासून तर विचारूच नका.

रस्ता ओलांडायचा असला तर अप्पा आधी डावीकडं बघणार, उजवीकडं बघणार, परत डावीकडं. मग शेजारी उभ्या माणसाला विचारणार, "मोकळा हाय ना?" त्यानं हो म्हटलं की स्वतः परत बघणार. तोवर पुढची गाडी येते. हापिसासमोरचा रस्ता ओलांडायला आम्हाला दहा मिनिटं लागतात. मला वाटायचं, म्हातारपण. दुसरं काय!

बर्फाचे फोटो आले तो दिवस मी विसरणार नाही. अप्पांनी बर्फ जन्मात पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र ढीग बघून ते हळहळले. "येवढा माल उघड्यावर! ताडपत्री न्हाई का लोकांकडं?" मग चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "माल चोख हाय मॅडम. पण ओल लय हाय." मी सांगितलं की तो बर्फ आहे. अप्पा म्हणाले, "मग बरोबर."

दर सोमवारी पुण्याच्या निखिलसाहेबांबरोबर पडद्यावर मीटिंग असते. साहेब म्हणजे सव्वीस वर्षांचा पोरगा, स्वभावानं गरीब. मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापल्या चौकोनात दिसतो आणि नेमकं तेच अप्पांना खपत नाही. "जित्या माणसांनी चौकटीत बसू नये मॅडम. चौकटीत कोन असतं? ज्याच्यावर हार घालतात तो." म्हणून मीटिंगला ते खुर्चीच्या कडेला तिरके बसतात. निखिलनं दोन वर्षांत अप्पांचा एक कान आणि कपाळावरची अर्धी विभूती एवढंच पाहिलंय. पण "साहेब, जेवलात का?" हे त्याला दर सोमवारी ऐकू यायचं. एकदा वीज नव्हती म्हणून आम्ही मीटिंगला गेलो नाही, तर त्यानं फोन करून विचारलं, आज अप्पा नाहीत का?

त्याच निखिलचा मंगळवारी सकाळी फोन आला आणि आवाजावरूनच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

परदेशात ती ड्रायव्हरशिवायची गाडी रस्त्यावर आणून बघत होते. गाडी चांगली चालली. फक्त माणूस दिसला की फार लांब थांबायला लागली. एका बस थांब्यापाशी जी उभी राहिली, ती थांब्यावरची सगळी माणसं घरी जाईपर्यंत हलली नाही. तिकडच्या लोकांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की यंत्राला माणूस आहे त्याहून मोठा वाटायला लागलाय, कारण त्याला शिकवलेल्या फोटोंमध्ये माणसाभोवतीच्या चौकटी ढिल्या आहेत. नियम असा, की चौकट माणसाला घट्ट बसली पाहिजे. झाडांच्या घट्ट, गाड्यांच्या घट्ट, कुत्र्यांच्याही घट्ट. फक्त माणसांच्या ढिल्या, चारी बाजूंनी सारख्या. आणि सगळ्या मानवतच्या.

"शनिवारपर्यंत सगळे फोटो दुरुस्त करून द्या मॅडम," निखिल म्हणाला. "नाहीतर ते काम दुसऱ्या केंद्राला देणार आहेत. माझ्या हातात काही नाही."

हे काम गेलं म्हणजे केंद्राला कुलूप. पेडगावहून रोज येणारी आमची रुपाली आहे, तिच्या वडलांनी कबूल केलंय की काम आहे तोवर तुझ्या लग्नाचं काढत नाही. तिचं तेवढंच एक दार उघडं होतं. बाकीच्या सतरा जणींचीही अशीच काही ना काही गोष्ट.

पोरींना विचारलं, तर रुपाली रडवेली झाली. "मॅडम, आमी घट्टच काढतो. अप्पा मागून ढिल्या करतात. मी दोनदा बोलले. तर म्हणले, माणूस हाय पोरी, श्वास घेऊ दे."

माझं डोकं सणकलं. अप्पा त्या दिवशी एकादशीच्या निमित्तानं घरी होते. संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेले. जाताना मनातल्या मनात सगळं भांडण पाठ करून गेले होते. अप्पा खाली बसून शेंगा फोडत होते. मी उभ्या उभ्या सगळं ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी लांब थांबायली म्हणतेस?"

"हो."

"माणसाला लागत न्हाई ना मग?"

"अप्पा, अहो अठरा पोरींचं काम जायची वेळ आलीय!"

त्यांनी परडीतली एक शेंग उचलली. मी भिंतीकडं बघायला लागले. भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याच्या आधीच काकू गेल्या होत्या, अपघातात, एवढंच मला माहीत. इतकी वर्षं त्या घरात जाते येते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. फोटोला चौकट नव्हती. काच नव्हती, हार नव्हता. नुसता कागद, चार टाचण्यांनी भिंतीला लावलेला.

अप्पांनी माझी नजर पाहिली.

"माहेराहून यायली होती," ते म्हणाले. "फाट्यावर एसटीतून उतरली. मी रस्त्याच्या ह्या बाजूला उभा. तिनं माझ्याकडं बघितलं. मी हात केला, ये म्हणून." त्यांनी शेंग हातात तशीच धरली. "मी हात केला म्हणून ती निघाली सूनबाई. गाडी येते का, मी बघितलंच न्हाई. मला ती दिसायली होती, तिच्याकडंच बघायलो होतो. टेम्पोचा नुसता आरसा लागला. वीतभर मागं असती तर फकत पदर हालला असता."

मी खाली बसले. पाठ केलेलं भांडण कुठल्या कुठं गेलं. या माणसाला मी दोन वर्षं म्हातारचळ लागलेला समजत होते, याची मला लाज वाटली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अप्पांनी शेंगांची परडी माझ्याकडं सरकवली.

"येवढ्या माणसांच्या चौकटी हाताखालून जायल्या," ते म्हणाले. "मनलं, वीतभर जागा द्यावं समद्यांना. आपलं काय जातंय."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडायला गेले, तर अप्पा आधीच जिन्यात बसलेले.

"ढिल्या मी केल्या," ते म्हणाले, "आवळणारही मीच. पोरींच्या पोटावर पाय देणार न्हाई." उंबऱ्यावर थांबले, हात जोडले. "नमस्कार मॅडम."

चार दिवस अठरा पोरी, मी आणि अप्पा चौकटी आवळत होतो. अप्पांची इजाजत चालूच होती, फक्त शब्द बदलले. प्रत्येक फोटोला म्हणायचे, "दादा, माफी करा. आवळायलोय." "बाई, माफी करा." "लेकरा, जरा अंग चोरून घे." पहिल्या दिवशी पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी रुपालीनं मला जिन्यात गाठून विचारलं, की अप्पांना झालंय काय. मी सांगून टाकलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. रुपाली त्यांच्यासाठी घरून डब्यात धपाटे आणायला लागली आणि रस्ता ओलांडताना दोन पोरी अप्पांच्या दोन बाजूंना उभ्या राहून, ते विचारायच्या आधीच, "मोकळा हाय अप्पा, आमी बघितलं," असं सांगायला लागल्या. अप्पा तरी स्वतः बघायचेच.

शनिवारी दुपारी फोटो संपत आले. पोरी सामान आवरत होत्या. अप्पांच्या पडद्यावर शेवटचा फोटो होता आणि ते पडद्याजवळ वाकून बघत होते. मी जवळ गेले. कुठल्या तरी गावातला बस थांबा. एक म्हातारी बसमधून उतरत होती. हातात पिशवी, एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर. तिच्याभोवती अप्पांनी मागं ढिली केलेली चौकट, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडलेली.

अप्पांनी माऊस सोडला. उठले.

"सूनबाई," ते म्हणाले. हापिसात, भर कामाच्या वेळी. "येवढी तू कर." आणि पाणी प्यायला माठाकडं गेले.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. माऊस हातात घेतला. चौकटीची कड धरली. ती म्हातारी कुठंतरी समोर बघत होती, फोटोत नसलेल्या कुणाकडं तरी. पोरी माझ्याकडं बघत होत्या म्हणून हळूच म्हटलं, "बाई, इजाजत आहे ना?" थोडी थांबले. मग सगळे फोटो पुण्याला पाठवून दिले.

काम राहिलं. बुधवारी निखिलचा मेल आला, की तिकडच्यांनी सगळं तपासलं आणि पास केलं. शेवटी एक ओळ होती. एका फोटोत बसमधून उतरणाऱ्या बाईची चौकट ढिलीच आहे, नजरचुकीनं राहिली का?

अप्पा मागच्या टेबलावर एका परदेशी कुत्र्याशी बोलत होते. मी उत्तर लिहिलं, "नजरचूक नाही. तसदीक केली आहे."